ओटू सेन्सरची बैठक: आटे गेले, गळती लागली, सेन्सर अडकला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चेक इंजिनची लाईट लागली, स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे ओटू सेन्सरचा, कोड दाखवला, नवा सेन्सर टाकला आणि चार दिवसांनी लाईट परत लागली. सातपूरला माझ्या गॅरेजात येणाऱ्या कितीतरी गाड्यांची हीच हकिकत असते. पैसा सेन्सरवर खर्च होतो आणि दोष असतो तो सेन्सर ज्यात बसतो त्या नटात. तो नट दुरुस्त होतो, आणि नाशिकमध्ये तर फार चांगला होतो. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात त्याची उत्तरं इथे लिहून ठेवतो.

बैठक म्हणजे नेमकं काय?

मॅनिफोल्डला (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या तुकड्याला) किंवा सायलेन्सरच्या पुढच्या पाइपाला भोक पाडून त्यावर जो बुटका, जाड नट वेल्ड केलेला असतो ती बैठक. स्पेअरवाले तिला बंग म्हणतात, टर्नर बॉस म्हणतो, वेल्डरला ‘सेन्सरचा नट’ म्हटलं की लगेच कळतं. चारचाकीत बहुतेक ठिकाणी आत एम१८ बाय १.५ चे आटे असतात, म्हणजे व्यास १८ मिलिमीटर आणि दर दीड मिलिमीटरला एक आटा. सेन्सरला २२ चा पाना लागतो. दुचाकीचे सेन्सर बारीक असतात, बरेचसे एम१२ बाय १.२५.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गॅस आट्यांमुळे अडत नाही. सेन्सरच्या खांद्याखाली एक वॉशर असतो, तो नटाच्या सपाट तोंडावर दाबला जातो आणि सील तिथे होतं. आटे फक्त तो दाब धरून ठेवतात. आटे चांगले पण तोंड वाकडं किंवा खड्डे पडलेलं असेल तर सेन्सर कितीही आवळा, गळणारच.

धूर तर बाहेर येतो. मग एवढ्याशा फटीने सेन्सरला काय फरक पडतो?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. सायलेन्सरमधला गॅस नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो. एका सिलिंडरचा ठोका पुढे गेला की त्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. त्या क्षणाला त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर मोजतो ऑक्सिजन. त्याच्या नाकासमोरच ताजी हवा शिरली, तर त्याला वाटतं इंजिनला पेट्रोल कमी पडतंय.

साधा झिर्कोनियाचा सेन्सर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असलं की ०.१ व्होल्टच्या आसपास आणि जाड (पेट्रोल जास्त) असलं की ०.९ च्या आसपास दाखवतो. चालू गाडीत हा आकडा सारखा वरखाली नाचला पाहिजे. फटीतून हवा शिरायला लागली की तो खालीच रेंगाळतो. इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बिचारा प्रामाणिक आहे, तो पेट्रोल वाढवतो. पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा असं इंजिनचं आदर्श प्रमाण असतं, ते खऱ्याने बिघडतं ते इथून. अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि जळायचं राहिलेलं पेट्रोल कॅटॅलिस्टमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या जाळीत) जाऊन जळायला लागतं. कॅटॅलिस्ट तापून वितळण्याची सुरुवात अशी एका सैल नटापासून झालेली मी पाहिली आहे.

सेन्सर गेला की बैठक गेली, हे ओळखायचं कसं?

गाडी थंड असताना, सकाळी पहिल्या स्टार्टला बोनेट उघडून ऐका. बैठक गळत असेल तर ‘फुस-फुस-फुस’ असा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो किंवा जातो, कारण लोखंड फुगून फट मिटते. संध्याकाळी गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिक म्हणतो आवाजच नाही. म्हणून आम्ही अशी गाडी रात्री मुक्कामाला ठेवून घेतो.

मग टॉर्च घेऊन नटाकडे बघा. गळतीच्या जागी काजळीची बारीक काळी जीभ उमटलेली असते, कधी नटाच्या मुळाशी वेल्डिंगवर, कधी वॉशरच्या कडेला. काजळी मुळाशी असेल तर वेल्डिंगला तडा आहे, वॉशरशी असेल तर तोंड किंवा आटे. या एका खुणेवरून निम्मं काम ठरतं.

खात्री करायची असेल तर थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून, व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू चिंध्या गुंडाळून सायलेन्सरच्या टोकाला लावा आणि नटाभोवती साबणाचं पाणी ब्रशने फिरवा. बुडबुडे आले की जागा सापडली. गरम सेन्सरवर पाणी अजिबात टाकू नका. आत चिनी मातीसारखा नाजूक भाग असतो, त्याला तडा जातो.

स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इसीएम ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त देतोय तो आकडा. लांब मुदतीचा ट्रिम उणे-अधिक ५ ते १० टक्क्यांत असावा. आयडलला तो अधिक १५, २० वर चढलेला आणि रेस वाढवली की खाली येणारा दिसला, तर कुठूनतरी हवा शिरतेय. ती इनटेकच्या बाजूनेही असू शकते, त्यामुळे इनटेकचे पाइप आधी तपासावेत. पी०१७१ हा मिश्रण पातळ असल्याचा कोड याच घरातला. पी०१३५ किंवा पी०१४१ आला तर मात्र तो सेन्सरच्या आतल्या हीटरचा कोड आहे, त्यात नटाचा काही दोष नाही. वायर, फ्यूज आणि सेन्सर बघा.

बैठक खराब होते कशामुळे?

सगळ्यात मोठं कारण मागच्या वेळी सेन्सर काढताना झालेली घाई. दुसरं कारण गंज, आणि तो आतून येतो. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. नाशिकमध्येच सिडकोतून मुंबई नाक्यापर्यंत जाऊन गाडी बंद केली तर पाइप नीट तापतच नाही, ते पाणी आतच राहतं. वर्षभर अशाच छोट्या फेऱ्या झालेल्या गाडीचा नट आतून खाल्लेला निघतो. त्याच वयाची रोज मुंबईला जाणारी गाडी बघा, तिचा सेन्सर सहज फिरतो. तिसरं, खालून आपटणं. कॅटॅलिस्टच्या मागचा सेन्सर पोटाखाली असतो. दिंडोरी-पिंपळगाव भागातल्या पिकअप बागेत उतरतात, चाकोरीतलं उंच ढेकूळ सेन्सरला लागतं आणि नटाचं वेल्डिंग एका बाजूने उकलतं.

सेन्सर निघतच नाही. काय करू?

जोर लावू नका. आटे जातात ते याच पाच मिनिटांत.

आदल्या रात्री नटाच्या कडेला गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. तोच सेन्सर परत वापरायचा असेल तर स्प्रे थेंबाथेंबाने, फक्त बाहेरून. सकाळी गाडी दोन-तीन मिनिटं चालू करून बंद करा. पाइप कोमट हवा, लाल नको. वायरला खाच असलेला २२ चा सॉकेट घ्या. सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर वायर कापा आणि सरळ रिंग पाना घाला, पकड फार चांगली येते.

आता पहिल्यांदा किंचित आवळायच्या दिशेने फिरवा. केसभर हलला की गंजाची पकड तुटते. मग सोडायच्या दिशेने पाव फेरा, परत थोडा मागे, परत पाव फेरा. हाताला वाळू चिरडल्यासारखी खरखर लागली की थांबायचं, स्प्रे मारायचा, दहा मिनिटं चहा प्यायचा. ती खरखर म्हणजे आट्यांचे तुकडे पुढच्या आट्यांत घुसत असतात. तसंच रेटलं तर सेन्सर बाहेर येईल, पण आट्यांची लोखंडी स्प्रिंग गुंडाळूनच येईल.

तरीही नाही हलला तर नट गरम करायचा. ज्योत नटावर, सेन्सरवर नाही. आणि हे गाडीखाली झोपून करू नका. वर पेट्रोलची लाइन आहे, वायरिंग आहे. पाइप किंवा मॅनिफोल्ड खोलून बाकावर आणा आणि मग तापवा. अर्धा तास जास्त लागेल, पण गाडी पेटणार नाही.

आटे गेलेत. नवा मॅनिफोल्डच घ्यावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही.

सुरुवातीचे एक-दोन आटे चेंगरले असतील तर एम१८ बाय १.५ चा टॅप हाताने फिरवून आटे साफ होतात. टॅपच्या खाचांत घट्ट ग्रीस भरा म्हणजे कीस त्यात चिकटून बाहेर येईल. हे विसरू नका. आजकालच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत मॅनिफोल्ड आणि कॅटॅलिस्ट एकाच तुकड्यात असतात, सेन्सरच्या बरोबर खाली कॅटॅलिस्टची जाळी असते. लोखंडाचा कीस त्या जाळीवर पडला की तिथेच राहतो.

आटे पूर्ण गेले असतील पण नटाची भिंत जाड असेल, तर भोक मोठं करून स्टीलची आटेवाली बुश बसवता येते. चांगली बसली तर मूळच्यापेक्षा टिकाऊ. भिंत पातळ असेल तर या वाटेला जाऊ नका. जुना नट ग्राइंडरने काढून नवा वेल्ड करणं हाच खरा इलाज.

नवा नट वेल्ड करून घ्यायचाय. कुठे आणि कसा?

या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीमुळे इथे असे टर्नर आणि आर्गन वेल्डर आहेत की ज्यांचा रोजचा माल शंभरावा भाग मिलिमीटरमध्ये तपासला जातो. मायको सर्कल हे नावच इथल्या इंजेक्टर बनवणाऱ्या कारखान्यावरून पडलंय. अशा गावात सेन्सरचा नट सायलेन्सरवाल्याकडून जाड रॉडने चिकटवून घेणं मला पटत नाही.

पहिली चूक होते ती नट निवडताना. हार्डवेअरच्या दुकानात १८ चा नट मागितला तर मिळतो तो एम१८ बाय २.५, जाड आट्यांचा. सेन्सर त्यात दीड फेरा जातो आणि अडतो, मग पाना लावून रेटला जातो. माझ्याकडे एक छोटी गाडी आली होती, आधीच्या गॅरेजने हेच केलेलं. नवाकोरा सेन्सर, आटे अर्धे सोललेले, आणि वॉशर नटाच्या तोंडापासून चार मिलिमीटर वर तरंगत होता. मालक वर्षभर अ‍ॅव्हरेजसाठी वणवण करत होते. म्हणून तयार बंग घ्या, नाहीतर टर्नरकडून ३०४ स्टेनलेसच्या रॉडमधून करून घ्या: १६.५ चं ड्रिल, त्यात १८ बाय १.५ चा टॅप, आणि वरचं तोंड त्याच सेटिंगमध्ये लेथवर फेस केलेलं, म्हणजे सपाट कापलेलं. एकाच सेटिंगमध्ये का, तर तोंड आट्यांना काटकोनात येतं. नट पकडीतून काढून उलटा लावला की तो काटकोन गेला.

उंची जुन्या नटाइतकीच ठेवा. उंच झाला तर सेन्सरचं नाक खोबणीत राहतं, गॅस त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो. बुटका झाला तर नाक फार आत जाऊन तापतं.

जागा शक्यतो मूळचीच. ती सडली असेल आणि सरकवावीच लागली तर थोडीच सरकवा, कॅटॅलिस्टच्या ज्या बाजूला होती त्याच बाजूला. पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात आणि आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर तोंड करून. सेन्सर आडवा किंवा खाली तोंड करून बसला तर पाइपात साचलेलं पाणी त्याच्या नाकात जातं.

वेल्डरला एवढं सांगा: आर्गनने कर. नट स्टेनलेस आणि पाइप साध्या लोखंडाचा असेल तर ३०९एल फिलर वापर. चारही बाजूंनी टाके मार आणि मग समोरासमोरच्या बाजू थोड्या थोड्या भर. आणि नटात जुना सेन्सर किंवा त्याच आट्यांचा बोल्ट घालून ठेव. आत काही नसेल तर उष्णतेने नट अंडाकृती होतो आणि नंतर सेन्सर जात नाही. चांगला सेन्सर मात्र आधी काढून बाजूला ठेवा. पाइप गाडीवरच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय वेल्डिंग सुरू करू देऊ नका.

मॅनिफोल्ड बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असेल तर गोष्ट वेगळी. बीड आधी तापवून, निकेलच्या रॉडने वेल्ड करून सावकाश थंड करावं लागतं. घाईने केलेलं वेल्डिंग थंड होताना ‘टिंग’ असा आवाज करून शेजारीच तडकतं. हे काम बिडाचा हात बसलेल्या माणसाकडेच द्या.

एम-सील किंवा सिलिकॉन लावून भागेल का?

नाही. एम-सील त्या उष्णतेला टिकत नाही. साध्या सिलिकॉनच्या वाफा तर सेन्सरच्या नाकावर काचेसारखा थर चढवतात आणि सेन्सर कायमचा मरतो. आट्यांना टेफ्लॉन टेपही नको.

सेन्सर बसवताना आट्यांना काय लावायचं, किती आवळायचं?

नव्या सेन्सरच्या आट्यांना सहसा कंपनीतूनच जाम न होऊ देणारी पेस्ट लावलेली येते. जुना परत बसवताना ती थोडीशी लावा, नाकाला चुकूनही लागू देऊ नका. वॉशर चेपलेला असेल तर नवा घ्या. एम१८ साठी साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर, गाडीच्या पुस्तकातला आकडा असेल तर तोच. पहिले सगळे आटे बोटांनी फिरले पाहिजेत. बोटांनी जात नसेल तर तो तिरका चाललाय.

वायर तुटली असेल तर डाख देऊ नका, क्रिंप करा. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधल्या पोकळीतूनच घेतात. डाख किंवा कनेक्टरमध्ये भरलेलं ग्रीस ती वाट बंद करतं.

सेन्सर काढून बोल्ट मारला, किंवा मागच्या सेन्सरखाली लांब स्पेसर लावला तर लाईट जाते असं ऐकलंय.

पुढचा सेन्सर काढून बोल्ट मारला तर लाईट जाणार नाही, उलट कायम राहील. इसीएम आत साठवलेल्या ठरावीक तक्त्यावरून अंदाजाने पेट्रोल देत राहतो.

मागच्या सेन्सरला स्पेसर लावून किंवा रेझिस्टर जोडून पी०४२० (कॅटॅलिस्ट नीट काम करत नसल्याचा कोड) गप्प करता येतो हे खरं आहे, आणि ते करून द्या म्हणून लोक येतात. मी करत नाही. मागचा सेन्सर कॅटॅलिस्टचं काम चालू आहे की नाही एवढंच सांगत असतो. त्याला गप्प केलं की कॅटॅलिस्ट बरा होत नाही. तुमच्या मागे द्वारका चौकात स्कूटरवर लेकराला घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या नाकात कार्बन मोनॉक्साइड जातो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कितीतरी वेळा पी०४२० येतो तो कॅटॅलिस्टमुळे नाही, तर बैठकीच्या गळतीमुळेच. आधी साबणाचं पाणी, मग पुढचं बोलू.

कसारा घाटात सेन्सर नटातून निसटून लोंबकळायला लागला. घरी कसं यायचं?

गाडी बाजूला घ्या आणि थंड होऊ द्या. आटे थोडे तरी शिल्लक असतील तर सेन्सर हाताने बसेल तेवढा बसवा आणि बांधकामाच्या बाइंडिंग तारेने पाइपाला आवळून बांधा. आटे अजिबात धरत नसतील तर सेन्सरचा कनेक्टर काढा. लोंबकळता सेन्सर जोडलेला ठेवला तर तो बाहेरची मोकळी हवा मोजतो आणि इसीएम पेट्रोल ओततच राहतो. कनेक्टर काढलेला बरा. वायर गरम पाइपापासून लांब बांधा.

भोक बोनेटखाली असेल तर त्यातून निघणारा तप्त गॅस समोर कशावर पडतो ते बघा. समोर वायरिंग किंवा रबरी पाइप असेल तर गाडी चालवू नका, टो करा. चालवण्यासारखी असेल तर काचा उघड्या ठेवा, पाऊस असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. सावकाश या, आणि इगतपुरीत किंवा घोटीत गॅरेज दिसलं तर नाशिकपर्यंत ओढू नका.

दुचाकीला हे सगळं लागू आहे का?

हो. २०२० च्या १ एप्रिलपासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आल्यावर पेट्रोलच्या बहुतेक दुचाक्यांत इंजेक्शन आणि ओटू सेन्सर आला. नट लहान आणि पाइप पातळ असल्यामुळे काम अधिक नाजूक. चारचाकीच्या जोराने आवळलं तर आटे तिथेच जातात. दणदणीत आवाजाचा बाहेरचा सायलेन्सर बसवणाऱ्या मुलांना एकच सांगतो: त्या पाइपावर सेन्सरची जागा नसेल तर तो तुमच्या गाडीचा नाही.

पीयूसीत याचा फरक पडतो?

पडतो. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल चारचाकीला २,५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डाही (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे आदर्श) तपासतात, तो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. गळतीतून हवा शिरली की लॅम्डा वर जातो, आणि इसीएमने पेट्रोल वाढवलेलं असल्याने कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. इंजिन ठणठणीत असून पीयूसीत नापास झालेल्या गाडीची बैठक नक्की तपासून घ्या.

डिझेल आणि सीएनजी?

बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरवर तापमानाचे, दाबाचे, काहींत नॉक्सचेही (नायट्रोजनच्या ऑक्साइडचे) सेन्सर असतात. आट्यांचं माप वेगवेगळं असतं, काढायची रीत तीच. सीएनजीत गळती असली की किटही त्याच चुकीच्या सिग्नलवर चालतो, आणि गाडी सीएनजीवर धक्के देते म्हणून लोक किटवाल्याशी भांडत बसतात.

नट बदलला, सेन्सर बसवला. आता लगेच कोड पुसून टाकायचा का?

पुसा, पण त्याआधी शिकलेला फ्युएल ट्रिमही रीसेट करा, नाहीतर इसीएम काही दिवस जुन्या सवयीने पेट्रोल जास्तच देईल. मग त्र्यंबक रोडला एक फेरी मारून या, थोडं शहरातून, थोडं मोकळ्या रस्त्याला एका वेगात. ट्रिम शून्याच्या जवळ यायला लागलेला दिसला पाहिजे. गाडी तीन-चार वेळा पूर्ण तापून थंड झाली की एकदा परत सकाळच्या पहिल्या स्टार्टला बोनेट उघडून ऐका, आणि नटाच्या मुळाशी स्वच्छ पांढरं फडकं फिरवून बघा. फडक्यावर काजळी आली तर वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक राहिलंय. त्याच वेल्डरकडे परत जा, दहा मिनिटांचं काम आहे.